पाठीवरचं ऊन

चार खेचरं, सहा तंबू, गॅसची टाकी,
बटाट्यांची गोणी, आणि वरून ही पाहुण्यांची खुर्ची.
घडी घातली तरी खुर्चीच ती,
खेचराच्या बरगडीत रुतते.
पहाटे पाचला गाव सोडलं.
हिलारिओ म्हणाला, आज आभाळ बरं दिसतंय,
पोट भरेल तुझं.

माझं म्हणजे माझ्या शालीचं.
पोस्टकार्डाएवढी काळी पट्टी
मी शिवली आहे पाठीवर,
जिथे एकेकाळी फ्लोरेन्सिओ बांधलेला असायचा.
तो आता कुस्कोत टॅक्सी चालवतो.
जागा रिकामीच होती.
पट्टीतून निघालेली तार काठाच्या लाल विणीतून जाते,
शेवटी सात बारके दिवे, डाळिंबाच्या दाण्यांएवढे.
टाके वाकडे आलेत.
सुई पोती शिवायची होती, दुसरी मिळाली नाही.

सासू म्हणाली, ऊन असं गाठोड्यात बांधू नये,
त्याला संध्याकाळी घरी जायचं असतं.
दुसऱ्याच रात्री तिनेच शाल मागून नेली,
अडलेल्या मेंढीपाशी बसून राहिली
उजाडेपर्यंत.

पाहुण्यांचे दिवे कपाळावर असतात.
बोलायला वळले की थेट डोळ्यांत घुसतात.
‘बासिलिया, चहा आहे का?’
आणि मी मिनिटभर आंधळी,
कपात ओततेय की कुणाच्या मांडीवर, कोण जाणे.
त्यांचा दोष नाही.
ते बघतील तिकडे उजेडच असतो,
त्यांना वाटत असेल, जगच तसं आहे.

माझं उलटं.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
माझ्या तर दिव्यापुढेच.
पाच हजार मीटरवरच्या खिंडीत
मला माझे पाय दिसत नाहीत.
पायांना मात्र ठाऊक आहे:
इथे सुटा दगड, इथे गोठलेला ओढा,
इथे गेल्या साली करडं खेचर बसलं
ते उठलंच नाही.

आधी तो पुढे असायचा.
तीस वर्षं मी त्याची टोपी बघत चालले,
टोपीचे गोंडे, आणि त्यांच्याखालची मान
जी एकदाही मागे वळली नाही.
मग गुडघा गेला.
डॉक्टरने तेलाची बाटली दिली, म्हणाला, चढ-उतार बंद.
खेचरंसुद्धा हसली असती.
आता तो सगळ्यांच्या शेवटी, काठी टेकत,
माझ्या सात दाण्यांकडे बघत.

आभाळाने दुपारीच शब्द मोडला.
ढग, मग गारा, मग पुन्हा ढग.
पाहुणे घोड्यावरून पुढे मुक्कामाला गेले
आपापलं कपाळ उजळत.
खिंड उतरताना माझे दिवे पिवळे पडले असतील,
मग एकेक करून गेले असतील.
मला काय कळणार,
आपली पाठ आपल्याला कुठे दिसते.
मी आपली पुढे,
खुर्चीवाल्या खेचराची शेपटी ओढत,
त्याच्या आईचा, आजीचा
आणि खुर्ची बनवणाऱ्याचा उद्धार करत.

तंबूचे खुंटे ठोकून झाले,
सूप उकळायला ठेवलं,
तेव्हा तो आला. बसला. गुडघा चोळला.
एकतीस वर्षांच्या संसारात
कौतुक म्हणावं असं हे पहिलंच वाक्य:
‘आज तू लवकर विझलीस.’

मी म्हटलं, मग आलास कसा?

तो बुटाची नाडी सोडत राहिला.
नाडी ओली होती, गाठ घट्ट बसलेली.
‘शिव्या ऐकू येत होत्या,’ म्हणाला,
‘त्यांच्या मागोमाग.’

सकाळी बर्फावर लख्ख पडलं.
ओढ्याकाठी भांडी घासायला बसले मी,
पूर्वेला पाठ करून.
पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.
तरी घासत राहिले.