जांभळी चमकी

उदगीरच्या मोंढ्यामागं, सिमेंटच्या दुकानावर
आमचं केंद्र.
दाराच्या चाव्या तीन.
एक माझ्याकडं, एक झाडायला येणाऱ्या गयाबाईकडं
आणि एक मालकांकडं, डोईफोडे शेठकडं,
ज्यांच्या मेव्हण्याचं नाव
लॅपटॉपात आहे. फाईल सत्तेचाळीस.

मोईज म्हणाला,
ताई, पासवर्ड म्हणजे निस्ता उंबरा.
चार स्क्रू काढले की डिस्क तळहातावर,
दुसऱ्या मशीनला लावली
की तुमच्या सगळ्या बाया बोलायला लागतात.

मग एक अख्खी दुपार गेली.
आकडा टक्क्याटक्क्यानं चढत होता,
चौसष्टवर लाईट गेली,
बॅटरीकडं बघत आम्ही दोघं
बाळंतिणीच्या दाराशी बसावं तसे.
संध्याकाळी तो म्हणाला, झालं.
आता कुणी डिस्क नेली तरी भुस्काट नेईल,
त्यातनं दाणा निवडायला
जन्म पुरायचा नाही.

परवलीचं वाक्य मीच जुळवलं.
सांगणार नाही.
एवढंच, की त्यात आईची एक शिवी आहे
आणि एका म्हशीचं नाव.
कागदावर कुठंही नाही.
मी विसरले तर एकशे बारा जणी
माझ्याबरोबर मुक्या.

चहाला उठतानाही आता
झाकण नुसतं मिटत नाही मी, मशीन बंद करते.
झोपलेल्याच्या तोंडात किल्ली राहते,
बरळू शकतो.

शेवटी मोईजनं खालच्या स्क्रूंवर
माझीच नेलपॉलिश लावली, जांभळी, चमकीची.
फोटो काढून ठेवला :
कुठला कण कुठं पडलाय.

गेल्या मंगळवारी
तिसऱ्या स्क्रूवरची चमकी वेगळी.
रंग तोच.
कुणीतरी दुकानात जाऊन
अगदी तसलीच बाटली मागितली असणार.
एवढी मेहनत.

मी एक अक्षर टाईप केलं नाही.
हात मांडीखाली दाबून बसले.
गयाबाई दारात, केरसुणी हातात तशीच,
"शेठ म्हणले, पंख्यावाला आलाय, उघडून दे."
मग बऱ्याच वेळानं,
"माजं बी हाय न्हवं त्याच्यात?
दिसलं आसंल का कुणाला?"

काळ्या पडद्यावर आम्ही दोघी, धूसर.
म्हटलं, आत्ता तर मलाही दिसत नाही.

तिनं पदराच्या टोकानं झाकणावरची धूळ पुसली,
मोईजकडं न्यायच्या पिशवीत मशीन उलटं ठेवलं,
स्क्रूंना मात्र
बोट लागू दिलं नाही.