शेड कार्ड

मत्र्याच्या बाजारामागे, गल्ली जिथे डोंगराला टेकते,
तिथे कुरियाकोसच्या दुकानात मी रंग मिसळते.
रंग म्हणजे बहुतेक पांढराच.
बलदियाचा नियम आहे: घरं पांढरी हवीत,
फार तर मलईच्या, वाळूच्या आसपासची.
म्हणून आमच्या शेड कार्डावर पांढऱ्याचे एकतीस चौकोन
आणि बाकीचं सगळं जग शेवटच्या पानावर.

आमच्याकडे गावाला पांढरी म्हणतात, शेताला काळी,
हे मी झुवैनाला सांगितलं, तर ती म्हणाली,
मग तू गावातच आलीस की.
तिला वडिलांच्या खोलीसाठी डबा हवा होता.
कुठला पांढरा?
त्यांचं काळीज होतं तसला, म्हणाली.
त्यांच्या भाषेत निर्मळ माणसाचं काळीज पांढरं असतं.
मी तो नंबर बराच वेळ शोधत राहिले.

खरा पांढरा कुणालाच नको असतो.
भर उन्हात तो डोळ्यांत सलतो.
वीस लिटरला दोन थेंब काळा घालावा लागतो,
मग लोक म्हणतात, हा बघा, हा खरा.

रमझी मुकादम इजिप्तचा. उधारी मागितली की हसतो
आणि स्वतःच सांगतो, हे पिवळं हसू, ताई,
खोटं असतं, मनावर घेऊ नका.
पिवळं? खोटं?
माझ्या अंगाला एकदा पिवळं लागलं होतं.
चार महिने पुरलं.

सासू काहीच बोलली नाही. तिची जाऊ बोलली,
ओटीवरून, मला ऐकू जाईल अशा बेतानं:
पांढऱ्या पायाची.
मी पाय पाहिले. सावळेच होते.
टाचेला भेग, जोडव्यांच्या जागी फिकट वळ.

गल्ल्यामागे कुरियाकोसच्या लेकीच्या लग्नाचा फोटो आहे.
नवरी पांढरीफेक. काठाला जर, केसांत मोगरा,
आणि आजूबाजूचे सगळे हसताहेत, पिवळं नाही, खरं.
पहिल्या दिवशी मी विचारणार होते, कोण गेलं?
जीभ चावली.

निळ्यासाठी दादकरीम येतो. होडीच्या नाळेवर पट्टा ओढतो,
समुद्राची नजर लागू नये म्हणून.
आमच्या गावी खालच्या वस्तीत एप्रिलमध्ये निळे झेंडे लागत,
ते नजर वर करून चालण्यासाठी होते.
त्याच वस्तीत, आमच्या परसापासून हाकेवर,
नवऱ्या पांढरं लुगडं नेसून उभ्या राहत.
आमंत्रण यायचं. आमच्याकडून कुणी जायचं नाही.
मीही नाही.
अर्ध्या कोसावर जे दिसलं असतं
ते बघायला मी अख्खा समुद्र ओलांडला.

काल मांडणीवरून एक डबा निसटला.
वीस लिटर, झुवैनाचाच, झाकण उडालेलं.
पांढरं सावकाश पसरत गेलं, गरम दुधाला येते तशी साय धरत.
मी चपला काढल्या
आणि त्यातूनच फडकं आणायला गेले.

मागे वळून पाहिलं तर फरशीवर
पाच पाच बोटं, टाच, टाचेतली भेगसुद्धा.
भाद्रपदात आई अशीच पावलं उमटवायची,
मूठ भिजवून, मुठीच्या कडेनं,
उंबऱ्यापासून थेट देवघरापर्यंत.
गौर आली, गौर आली, म्हणायचो आम्ही,
कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी.
असायची ती तांदळाच्या पिठाची.
पांढरीच.

कुरियाकोस ओरडला, पाणी आण, पाणी,
एकदा वाळलं की निघत नाही.
खरंय.
गिऱ्हाइकांना हे मीच सांगते.
मी पाणी आणायला गेले.

सावकाश गेले.