ब्लॉक अंबडला जाण्याआधी

तेल रात्रीच सोडून ठेवलं होतं.
सकाळपर्यंत घमेल्यात ठिबकत राहिलं,
काळं, आणि उन्हात धरलं तर आत जरीचे कण.
इद्रिसने चिमटीत चोळून पाहिलं,
रवा बारीक की जाडा बघावा तसं.
म्हणाला, बेअरिंग गेलं, काका.

चौसष्टची फियाट. मी घेतली एक्याऐंशीत.
कसारा घाटात तिसऱ्यांदा उकळली
तेव्हापासून जेल रोडला आमच्या जिन्याखाली.

बत्तीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात मोजणीला होतो.
एक कागद कमी भरला तर दार उघडत नसे.
एक जास्त भरला तरीही.
म्हणून म्हटलं, तू खोल, मी मोजतो.
तो हसला, पण प्रत्येक नट
माझ्या तळहातावर ठेवू लागला,
कंडक्टरने सुटे परत करावेत तसा.

कार्बोरेटर श्रीखंडाच्या डब्यात.
मॅनिफोल्ड द्राक्षांच्या क्रेटमध्ये.
पुशरॉड आठ, पुठ्ठ्याला भोकं पाडून, ओळीने,
कारण जो तो आपापल्या रॉकरशी झिजलेला,
दुसऱ्याचं त्याला चालत नाही.

हेड निघेना.
लाकडी ठोकळा लावून घातला एक घाव,
करकरत सुटलं.
चार पिस्टन. तिघांच्या डोक्यावर काजळी,
दुसरा लख्ख, घासल्यासारखा:
पाणी तिथेच शिरत होतं.

मग चेंबर. मग कनेक्टिंग रॉड.
माझ्या आधी कुणीतरी हे इंजिन उघडलं होतं,
पंचने ठिपके मारून ठेवले होते.
एक, दोन, चार, तीन.
"शेवटचे दोन अदलाबदल झालेत," इद्रिस म्हणाला,
आणि पाना तसाच धरून राहिला.
ठिपके मारणाऱ्याचा हात नेटका.
बसवताना लाइट गेली असेल,
किंवा मालक येऊन उभा राहिला असेल डोक्यावर.

त्याच चुकीवर मी कुंदाला बिटको दवाखान्यात नेलं,
रात्री दोनला, पावणेसात मिनिटांत,
आणि चौथ्या दिवशी दोघींना घरी आणलं.
"आता नीट लावू ना?"
लाव म्हणालो. पण जरा वेळाने.

तीनला घुगेंचा टेम्पो आला.
ब्लॉकला बोअरिंग, बहुधा वीस थाऊ,
क्रँकला ग्राइंडिंग. आधी माप घेऊ, घुगे म्हणाले,
बसलं तर बसलं, नाहीतर स्लीव्ह टाकावी लागेल.
तिघांनी मिळून ब्लॉक उचलला.
बॉनेटखाली एवढी जागा होती
हे मला ठाऊक नव्हतं.

नट, बोल्ट, वॉशर, कॉटर धरून
वहीत दोनशे एक्केचाळीस.
डब्यात बेचाळीस.
एक स्प्रिंग वॉशर कुठल्याच बोल्टचा नाही.
त्याचाच असेल, त्या घाईवाल्याचा,
पडलेला, कुठेतरी अडकून राहिलेला.
"राहू द्या काका, टेम्पो खोळंबलाय."

मी जिन्यावर बसून पुन्हा मोजतोय.
टेम्पोचा फाळका
अजून कुणाला लावू दिलेला नाही.