सर्क्लिप

जानेवारीत सूर्य आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो,
कोटही न काढता निघून जातो.
म्हणून गॅरेजात भरदुपारी ट्यूबलाइट,
आणि स्टँडवर वेइक्काची मोटरसायकल,
टाकी उतरवलेली, नळ्या लोंबत्या,
दवाखान्याच्या बाकावर बनियनवर बसवलेल्या माणसासारखी ओशाळी.

तळ्याच्या बर्फावर तिसऱ्या फेरीत जॅम झाली.
"आपोआप," म्हणाला.
मी म्हटलं, बरं.

हेडचे नट सुटले. मग सिलिंडर,
रबरी हातोडीनं डावीउजवीकडून थोपटत
रुसलेल्या पोराला पांघरुणातून काढावं तसा वर घेतला.
एक्झॉस्टच्या अंगाला पिस्टनवर उभे ओरखडे,
रिंग खाचेतच चिकटून बसलेली.
ही लिपी मला वाचता येते.
सतरा वर्षं सोत्कामोच्या दुकानात
लाकूडतोड्यांच्या करवती दुरुस्त केल्यात;
तहानेनं मेलेलं इंजिन मला लांबून कळतं.
डब्यातलं पेट्रोल आधीच हुंगून पाहिलं होतं:
स्वच्छ. फारच स्वच्छ.
टू-स्ट्रोकच्या पेट्रोलला इतकं स्वच्छ असायची परवानगी नाही.

बोलले नाही.
त्याचा बाप किरुनाच्या खाणीत, महिन्यातले दहा दिवस घरी.
रागवायचं खातं त्याच्याकडे, असं ठरलं नव्हतं कधी,
पण पडलं तसं.

कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिड घेऊन
सिलिंडरला माखलेलं अ‍ॅल्युमिनियम उतरवलं.
फेसाळलं, करडं झालं, पुसलं.
आतून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.
नवी रिंग आत सरकवून टोकांमधली फट मोजली.
"फट कशाला ठेवायची?" वेइक्का.
"तापल्यावर फुगते ती. जागा नको?"
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवार. सौना पेटलेलाच होता.
नवा पिस्टन टॉवेलात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला,
शेजारच्या आउनेबाईंच्या बाजूला.
त्या म्हणाल्या, "हा कोण पाहुणा?
बोलत नाही फार. बरा आहे."

तापलेला पिस्टन हातमोज्यात धरून गॅरेजात पळाले,
बाण एक्झॉस्टकडे,
गजन पिन बोटानं ढकलली तर विनातक्रार आत.
एक सर्क्लिप बसली. दुसरी
चिमट्यातून

टिंग.

मग काहीच नाही.

खाली क्रँककेसचा जबडा उघडा.
आत गेली असेल तर अख्खं इंजिन फाडायचं.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, काठीला बांधलेलं लोहचुंबक.
खिळा आला. रफूची सुई आली. माशाचा गळ आला,
बिनगाठीचा, बापाचा.
दाढीसारखा लोखंडाचा कीस आला.
सर्क्लिप नाही.

"तोंडात चिंधी कोंबलेली होती," मी म्हटलं,
"गॅस्केट बसवताना मीच ओढली.
परत घालायला विसरले."
सतरा वर्षं. हे माझ्याच तोंडून.

बराच वेळ फरशीवर चुंबक खरडल्याचा आवाज.
"मी पण विसरलो होतो," तो म्हणाला, "तेल."
मग,
"विसरलो नव्हतो. बाटली संपली होती.
वाटलं, दोनतीन फेऱ्या तर."

मी म्हटलं, "तो गळ दे इकडे, कुणाच्या तरी पायात जाईल."
इतकंच सुचलं.

रात्री मोजा उलटा केला तर
लोकरीच्या दुमडीत सर्क्लिप, ऐटीत.
वाकली होती. फेकली.
नवी बुधवारी आली: चार युरोची चीज,
नऊ युरो टपालखर्च.

पाच लिटरला सव्वाशे मिली.
खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन त्यानं मोजलं,
आठ झाकणं आणि वर थोडं,
मोठ्यानं, लहानपणी जिने मोजायचा तसं.
पहिल्या किकला गुडघा परत फेकला गेला,
तेव्हाच कळलं, दाब धरलाय.
तिसऱ्याला चालू. उणे बावीसमध्ये निळा धूर
हलायलाच तयार नव्हता, दारात उभा राहिला.
आउनेबाईंनी पडदा ओढला.

तो सीटवर बसायला गेला.
"उतर," मी म्हटलं.
सिलिंडरला हात लावून पाहिला. "आता बंद कर.
निवू दे पुरतं. मग पुन्हा तापव.
मग पुन्हा निवू दे."
"किती वेळा?"
मी पाना पुसत होते.