दुसरा हात

चाळीस वर्षं मी होड्या रंगवल्या
दुआर्ननेच्या बंदरात.
कुंचल्याचा एक केससुद्धा उमटू द्यायचा नाही,
हा माझा धर्म.
पहिला हात, पॉलिश पेपर, दुसरा हात –
मग त्या निळ्यात तोंड बघून
खुशाल दाढी करावी कोळ्यांनी.

आता मंगळवारी सकाळी
ओहोटीच्या काठावर घडीचं स्टूल मांडतो.
शिकवणारी सोलेन, माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी,
म्हणते, "गुल्वेन, घोटू नका.
रंग ठेवा आणि हात काढून घ्या.
निळ्याशेजारी नारिंगी.
मध्ये कॅनव्हास थोडा उघडा राहू दे."

उघडा!
उघड्या लाकडात पाणी शिरतं, पोरी,
आणि मग माणसं घरी येत नाहीत.
बोललो नाही. ठिपका ठेवला.
तो पसरायला अंगठा आपोआप पुढं गेला.
तिनं मनगटावर चापट मारली,
लोण्यात बोट घालणाऱ्या पोराला मारावी तशी.

"चिखल कुठल्या रंगाचा?"
राखाडी, मी म्हणालो. डबाच मिळतो तयार, सात नंबर.
"डोळे बारीक करा."
केले.
जांभळा. मग शेवाळी. पाण्याच्या ओघळात
थरथरणारं पिवळं, कुठल्या घराच्या भिंतीचं कुणास ठाऊक,
आणि बगळ्याच्या पायापाशी चक्क गुलाबी.
माझ्या डब्यांत यातलं काही नव्हतं.

दुपारपर्यंत कॅनव्हासवर
गोवर उठल्यासारखे ठिपके.
"सहा पावलं मागं जा."
पाचव्यालाच गुडघाभर गाळात रुतलो.
तिथूनच पाहिलं:
ओहोटी होती. ओली होती.
तिच्यावरून वारा चालला होता,
आणि तो मी कधी काढला, मला आठवेना.

परतताना तुग्दुआलची जुनी होडी दिसली,
धक्क्यावर उलटी घातलेली.
निळ्याचे पापुद्रे, त्याखाली माझाच तांबडा
अठ्ठ्याऐंशी सालचा,
त्याहीखाली माझ्या वस्तादाचा पांढरा.
मीठ एकेक टवका उडवत बसलेलं
इतकी वर्षं,
काहीही न घोटता.
आणि मी दर वसंतात येऊन
त्याचं सगळं काम पुसून टाकायचो.

खिशात खरवडणी होती. सवयीनं असते.
असू दे.
सहा पावलं मागं गेलो.