मागचे दोन

अॅम्प्लिफायरच्या पाठीवर चार खुंट्या,
दोन तांबड्या, दोन काळ्या,
सहा वर्षं टोप्या घालून बसलेल्या.
पुढचे तीन वाजतात, बाजूचे दोन वाजतात,
कोपऱ्यात तो ढब्बू खोका घुमतो.
पाठीला तेवढं काही नाही.

प्रमिला म्हणाली, पाचांत भागत नाही होय?
मी म्हटलं, तुला नाही कळायचं.
म्हणून झाल्यावर ओशाळलो.
शेडच्या दारात बसून
कांड्या तर हीच भरायची.

वडगावात, ह्याच घराच्या पोटात, चार माग होते.
दोन पुढं, दोन मागं, मध्ये हातभर वाट,
वाटेत मी.
पुढच्यांवर डोळा, मागच्यांवर कान.
त्या सगळ्या खडखडाटात
एक धोटा पेटीत अर्धाच बसला
तर मान वळायच्या आधी हात मागं जायचा,
दांडी ओढायचा.
एकतीस वर्षं मी पाठीनं ऐकलं.
मग भंगारवाला वजनावर घेऊन गेला चारही.
शेडचं भाडं आता बेकरीवाला देतो,
वेळेवर देतो,
पहाटे जिन्यातून खारीचा वास वर येतो.

टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढली:
इथपर्यंत ठीक, इथून घसरली बघा.
घसरलेल्या रेघेत
चिमणी गेली, बांगडी गेली,
कुकरची शिट्टी निम्मी गेली.
कानात घालायचं यंत्र लिहून दिलं त्यांनी, किंमत सांगितली.
बरोबर तेवढ्यात
हे दोन स्पीकर आले, भिंतीच्या घोड्यांसकट.
प्रमिलेला अजून सांगितलेलं नाही.

शिवानंद आला गोकाकहून, ड्रिल घेऊन.
इल्ली? म्हणाला, भिंतीवर बोट ठेवून.
मी म्हटलं, थांब की जरा,
आणि कपाट सरकवलं.
मागं भोक होतंच.
मोटारींची केबल ह्यातूनच वर यायची मेन स्विचला.
फुंकर मारली तर सूत निघालं आतून,
राणी रंगाचं, बोटाएवढं.
त्यानं ते चिमटीत धरून बाजूला ठेवलं
आणि तार सोडली.

दोन्ही मागचे एकदम लावून बघितले.
कुणीतरी सनई वाजवत होतं,
पण सनई कुठं उभी आहे ते कळेना.
डावीकडं थोडी, उजवीकडं थोडी,
मधोमध पोकळ,
काठ आहेत आणि साडीच नाही तसं.
मी म्हटलं, उजव्याची तार उलटी लागलीय.
शिवानंद हसला, काका, कान गेलाय म्हणालात की ओ.
स्टुलावर चढला, वाकून बघितलं,
तांबडीच्या जागी काळी.
काही बोलला नाही, बदलली.
सनई माझ्या मानेमागं येऊन उभी राहिली.

मग माझं डोकं जिथं असणार
तिथं तिपाईवर इवलासा माइक ठेवला.
पंखा बंद, कुणी बोलायचं नाही.
फूस्स, फूस्स, एकेका कोपऱ्यातून
खोली मोजली जात होती.
खाली बेकरीत कुणी ट्रे आपटला,
मोजणी पहिल्यापासून.
तिसऱ्या खेपेला जमलं:
डावा दोन पूर्णांक एक मीटर,
उजवा दोन पूर्णांक दोन.
साकु, म्हणाला शिवानंद,
चहा घेऊन सहाच्या गाडीला गेला.

रात्री सिनेमा लावला.
कुणाचा तरी पाठलाग चाललेला,
पाऊस, गल्ली, लोखंडी जिना.
प्रमिला दोनदा वळून दाराकडं बघून आली.
मी बघितलं नाही.
जिन्यावरचे पाय उजवीकडून डावीकडं गेले,
खट खट खट खट,
आणि एक पायरी चुकली.

काय शोधालाय हो मागं? तिनं विचारलं.
रिमोट, म्हटलं.
तो मांडीवर होता.