पाच मिनिटं

क्लाइपेदाच्या बाहुली-थिएटरात, रंगमंचाच्या मागे,
जिथे लाकडी कोल्हे नि राजकन्या खिळ्यांना लटकून झोपतात,
तिथे भिंतीवर एक पोलादी पेटी. राखाडी. गुडघ्याएवढी उंच.
दिव्यांचे सहा ड्रायव्हर तिच्यात बसवायचे होते
आणि मी बसवलेही होते, खेटून, एका ओळीत,
नव्या वहीच्या पहिल्या पानासारखे.

झिग्मासनं झाकण उघडलं. बघितलं.
"सुंदर," म्हणाला. "आता काढ."

मी हिरमुसले. त्यानं मेन स्विच पाडला, कुलूप घातलं,
किल्ली शर्टाच्या खिशात टाकली
आणि पालथ्या बादलीवर बसला.
मी पेचकस उचलला तर म्हणाला, "पाच मिनिटं.
स्विच पडला म्हणजे वीज गेली असं नसतं, उग्ने.
कपॅसिटरच्या पोटात अजून घासभर उरलेली असते."
(माझं नाव म्हणजे आग. पहिल्याच दिवशी तो हसला होता:
आपल्या कामात एवढीच पुरे.)

पाच मिनिटं. बंदरावरचा वारा
पत्र्यावर बर्फाचा चुरा फेकत होता.

मग तो सांगू लागला, मीटरचं रीडिंग सांगावं तसं.
लहानपणी त्यांचं स्वयंपाकघर तीन बिऱ्हाडांत मिळून एक.
एक नळ, एक खिडकी, आणि छताला तीन बल्ब.
तीन बटणं, तीन मीटर.
चुकून दुसऱ्याचं बटण दाबलं तर आठवडाभर अबोला.
"माणसं वाईट नव्हती," तो म्हणाला. "जागा नव्हती.
कोपराला कोपर लागला की कुणीही तापतं.
हे तुझे सहा बघ. प्रत्येक जण आपली धग सोडणार,
शेजाऱ्याची गिळणार, आणि एखाद्या लांबलेल्या प्रयोगात
कुणीतरी आधी जाणार. बहुतेक मधलाच."

टेस्टर त्यानं आधी चालू प्लगवर लावला,
मग आमच्या मेलेल्या तारांवर, मग पुन्हा प्लगवर.
साक्षीदाराला दोनदा विचारावं, तसं.

चार राहिले. दोघांमध्ये दोन-दोन बोटं हवा.
दोनशेतीसची तार डावीकडच्या भोकातून,
चोवीसची उजवीकडच्या, मध्ये पडदी,
आणि पेटीत कुठेही त्यांची गळाभेट नाही.
हिरवी-पिवळी झाकणालाही. "झाकण काही परकं नव्हे."
प्रत्येक टोकाला टोपी, प्रत्येक स्क्रू घट्ट, आणि मग
एकेक तार ओढून बघायची, लहान मुलाचा हलता दात बघतात तशी.
तिसरी माझ्या हातात आली.
तो काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

संचालिका दानुते आली. "दुसरी पेटी? प्रेक्षकांना दिसेल."
"धूरही दिसला असता," झिग्मास म्हणाला.

उरलेले दोन दुसऱ्या पेटीत लावताना मी विचारलं,
मग त्या स्वयंपाकघरात कुणाचंच कुणाशी नव्हतं?
तो बराच वेळ स्क्रू शोधत राहिला.
एका हिवाळ्यात, म्हणाला, आमचा बल्ब बंदच असायचा,
आई अंधारात बसून लोकांचे कोट उसवायची, बोटांनी.
शेजारची राइसा रात्री पाण्याला यायची,
आपलं बटण दाबायची, किटली भरायची
आणि दिवा विसरून निघून जायची.
रोज विसरायची. मार्चपर्यंत.
मीटर तिचं फिरायचं.
आई खुर्ची हातभर सरकवून घ्यायची, एवढंच.

संध्याकाळी दिवे लावले. आधी पांढरे, मग मधाच्या रंगाचे.
कोल्ह्याच्या काचेच्या डोळ्यात काहीतरी हललं.
तासाभरानं मी पेटीला तळहाताची मागची बाजू लावली:
कोमट. ताप उतरलेल्या कपाळाएवढी.

झाकणाच्या आत मी तारीख लिहिली, अँपिअर, दोघांची नावं.
सकाळी बघते तर खाली पेन्सिलीनं, त्याच्या वाकड्या अक्षरात:
मधली जागा रिकामी दिसते.
कुणी भरू नये.